दिंडी: एका बॅनरच्या लोगोच्या नोंदी

३ जून २०२४

पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं संकलन शेवटच्या टप्प्यात आलंय. काल संकलकाने टाइमलाइनच्या सुरुवातीला काळा तुकडा टाकला आणि त्यावर लिहिलं, ‘इथे बॅनर’. सेन्सॉरचं प्रमाणपत्र झाल्यावर आणि पहिलं दृश्य सुरू होण्याआधी, हा चित्रपट कोणत्या बॅनरने, म्हणजे निर्मिती संस्थेने, केला ते सांगायची ती जागा. आज आमच्याकडे जो लोगो आहे तो तिथे मला नको आहे. या चित्रपटासाठी माझ्या माणसांनी जी मेहनत घेतली, तिच्या तोडीचं काहीतरी तिथे हवं. म्हणून हे काम हाती घेतलंय आणि म्हणून या नोंदी.

बॅनरचं नाव बदलायचं नाही. ते इथे लिहीतही नाही, ट्रेडमार्कचं होईपर्यंत अर्जातच राहू दे. एवढं सांगून ठेवते की नाव चार अक्षरी आहे आणि त्यात ल आणि ळ दोन्ही आहेत. पुढे त्याचा संबंध येणार.

६ जून

हार्ड डिस्का उपसून जुने सगळे लोगो एका पानावर लावले.

२०१४. एकांकिका करायचो त्या दिवसांतला पहिला लघुपट. संगणकात होता तो फाँट आणि शेजारी फिल्मचं रीळ. चित्रीकरण मेमरी कार्डावर झालेलं, खरं रीळ आमच्यात कुणी हाताळलेलंही नव्हतं. रीळ, क्लॅप, कॅमेरा, डोळा आणि प्रोजेक्टरचा झोत ही पाच चित्रं नव्या बॅनरांवर इतक्या वेळा येतात की बॅनर कुणाचं ते कळत नाही, चित्रपटवाले आहेत एवढंच कळतं. आणि तेवढं तर प्रेक्षकाला थिएटरात बसल्यावर ठाऊकच असतं.

२०१७. माहितीपट. जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रीकरण होतं. तिथल्या फळ्यावर नाव खडूने लिहिलं आणि कॅमेरा काही सेकंद तसाच चालू ठेवला. मागे मधल्या सुट्टीचा गलका. हे मला आजही फार आवडतं. अक्षरावर खडू कुठे दाबला, कुठे सैल सोडला ते दिसतं, आणि आवाज खरा आहे. पण तो लोगो त्याच माहितीपटाचा होता. दुसऱ्या कशापुढे लावला की उसना वाटायचा.

२०२०. लॉकडाऊनमध्ये एका चित्रकार मित्राने वाड्याचं रेखाटन करून दिलं. आमचं ऑफिस तेव्हाही कसब्यातल्या एका वाड्यातल्या माडीवर होतं, आजही तिथेच आहे. रेखाटनात सगळा वाडा आहे: चौक, तुळशीवृंदावन, लाकडी खांब, कौलं, खाली मोठा दरवाजा. भिंतीवर फ्रेम करून लावावं असं चित्र. चार वर्षं तेच चालवलं.

१० जून

त्या रेखाटनाची परीक्षा घेतली. व्हिजिटिंग कार्डावर दोन सेंटिमीटर रुंद छापलं, मोबाइलवर उभ्या पोस्टरच्या कोपऱ्यात ठेवून पाहिलं आणि शेवटी खोलीत अंधार करून प्रोजेक्टरवर लावलं. कार्डावर कौलांच्या रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग झाला. मोबाइलवर चौक गायब. प्रोजेक्टरवर मात्र वेगळाच प्रकार झाला. चित्राची पार्श्वभूमी पांढरी, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले आणि सगळे पडद्याकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघायला लागले.

हे लक्षात ठेवायचं. बॅनरचा लोगो कागदावर जन्मतो, पण त्याचं खरं घर अंधार आहे. दुकानाच्या पाटीने रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायची असते. आमच्यासमोरचा माणूस तिकीट काढून, फोन बंद करून आधीच आत येऊन बसलेला असतो. त्याला हाक कशाला मारायची? त्याला आत घ्यायचं.

१४ जून

पुण्यात बॅनरच्या चिन्हाचा विचार करायचा तर प्रभातच्या तुतारीपाशी थांबावंच लागतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या तिच्या स्टुडिओच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्याच रस्त्यावर फिल्म अर्काइव्ह, १९६४ पासून. आज प्रभातच्या बोलपटांची सुरुवात पुन्हा पुन्हा लावून पाहिली.

तुतारी फुंकणारी स्त्री, बस. चेहऱ्याचे बारकावे नाहीत, दागिन्यांचं कौतुक नाही, लक्षात राहते ती देहाची बाह्यरेषा. ती रेषा इतकी पक्की आहे की तिकिटाएवढी केली तरी तुतारी तुतारीच राहते. दुसरं म्हणजे आवाज. डोळे मिटून बसलं तरी कळतं की प्रभातचा चित्रपट सुरू झाला. कंपनी मूकपटांच्या काळात निघाली, १९३२ मध्ये बोलपटात आली. चिन्हात वाद्य आधीपासून होतं, नंतर ते वाजलं. मला यात फार मोठी शिकवण दिसते: चित्र असं निवडावं की त्याच्या पोटात आवाज असेल.

प्रभातच्या संस्थापकांपैकी एक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू. त्यांनी १९४२ मध्ये राजकमल हे स्वतःचं बॅनर काढलं, ते नाव आईवडिलांच्या नावांवरून, राजाराम आणि कमला. राज कपूरच्या आर. के. फिल्म्सचं चिन्ह १९४९ च्या ‘बरसात’मधल्या प्रतिमेवरून आलं, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर नायिका. म्हणजे आधी काम झालं आणि त्या कामातून चिन्ह निघालं. बाहेरून आणून चिकटवलेलं नव्हतं.

तर आमच्या कामात वारंवार काय येतं?

१८ जून

उत्तर रोज पायाखालीच होतं. नेमकं सांगायचं तर डोक्यावर होतं.

वाड्याचा मोठा दरवाजा वर्षातून एखाद्या वेळी उघडतो, कुणाचं लग्नकार्य असलं किंवा टेंपो आत घ्यायचा असला तर. एरवी येणं-जाणं दिंडीतून. डाव्या कवाडात बसवलेलं छोटं दार. आज मोजपट्टी लावली: मोठा दरवाजा साडेनऊ फूट, दिंडी जेमतेम साडेचार. खालची फळी घोट्याच्या बरीच वर, त्यामुळे एकाच वेळी पाय उचलायचा आणि मान वाकवायची. आमचं सगळं सामान इथूनच जातं. ट्रायपॉड आडवा, लाइटचे स्टँड एकेक करून, ट्रॉलीचे रूळ तिरके धरून. जिथे हात टेकतो त्या चौकटीच्या कडेला लाकूड गुळगुळीत होऊन काळसर चकाकी आलीये. कडी लोखंडी, हाताने घडवलेली, कोयंड्यात बसताना आधी घासते आणि मग खट्‌ करते.

शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ ची. त्याच्या दिल्ली दरवाजाच्या कवाडांवर हत्तींनी धडक मारू नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत, आणि त्यातही रोजच्या वापराची अशी दिंडी आहेच. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, म्हणजे फौजेला घुसता येऊ नये. मोठा दरवाजा मिरवणुकीचा, दिंडी कामाची.

आमच्यासारखी बॅनरं दिंडीतूनच आत येतात. वितरक नाही, मोठा निर्माता नाही, तरी आत यायचंच आहे आणि वाकून येण्यात कमीपणा नाही. यापेक्षा जास्त अर्थ त्यावर लादायचा नाही. काळा उभा आयत, त्यात खाली एका बाजूला छोटी उजेडाची चौकट. बाकी काही नाही.

२०२० च्या रेखाटनात हा दरवाजा होताच, मित्राने त्यात दिंडीही इमानाने काढली होती. सगळा वाडा बाजूला केला आणि ती उरली.

१ जुलै

काल पालख्या पुण्यात आल्या. पेठांतले रस्ते बंद, त्यामुळे लेटरिंगच्या काकांकडे जाणं पुढे ढकललं. वाड्यात मोठा दरवाजा उघडून वारकऱ्यांच्या जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. दरवाजा उघडला की दिंडी कवाडाबरोबर भिंतीला जाऊन टेकते. फोटो काढून ठेवले.

४ जुलै

काका सदाशिव पेठेत राहतात. नाट्यगृहांबाहेरचे बोर्ड रंगवण्यात त्यांची हयात गेली, आता हात थोडा कापतो पण बोरू टेकला की थांबतो. त्यांच्या टेबलावर कमल शेडगे यांच्या अक्षरांची कात्रणं काचेखाली ठेवलेली आहेत. नाटकाच्या जाहिरातीतलं नाव वाचताच नाटक कोणत्या जातीचं आहे ते कळावं, असं शेडगेंचं अक्षर होतं. २०२० मध्ये ते गेले तेव्हा काकांनी दिवसभर ब्रश हातात घेतला नव्हता, असं काकू म्हणाल्या.

मी संगणकावर टाइप केलेलं नाव दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

“हा ल कुठून आणलास?”

“फाँटमध्ये होता तो, काका.”

“हा हिंदीचा आहे. उजवीकडे सरळ दांडी. आपला ल असा नसतो गं. दोन पाकळ्या, आणि मधून देठ वर शिरोरेषेला.”

त्यांनी रद्दीच्या कागदावर तो काढून दाखवला. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हाच पाकळीयुक्त ल सांगितलाय. बऱ्याच फाँटांत दोन्ही ल असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडली नाही तर समोर येतो तो दांडीचा. मराठी चित्रपटांच्या पोस्टरांवर, सबटायटलांत, श्रेयनामावलीत तो सगळीकडे पसरलाय आणि कुणाच्या डोळ्याला खुपत नाही. मला खुपतो. चार अक्षरांचं नाव, त्यातलं एक अक्षर दुसऱ्याच्या वळणाचं कसं चालेल?

आमच्या नावात ल आणि ळ एकाच घरात राहतात, ही खरी अडचण. दोघांनाही गोलाई, लहान आकारात दोन्ही सारखी दिसायला लागतात. काकांनी ल च्या पाकळ्या खाली पसरट ठेवल्या आणि ळ ची गाठ वर घट्ट आवळून उजवा भाग मोठा केला. बोरूचा छाट बदलून पुन्हा लिहिलं, पुन्हा बदललं. शेवटच्या कागदावर दोन्ही अक्षरं हातभर लांबून वेगळी वाचता आली. शिरोरेषा उभ्या दांड्यांपेक्षा किंचित बारीक ठेवली, कारण आकार लहान झाला की सगळ्यांत आधी तीच जाड दिसायला लागते.

मी एक कल्पना मांडली. दिंडीच्या चौकटीची वरची आडवी पट्टी तशीच पुढे सरकवायची, तीच नावाची शिरोरेषा. काका बराच वेळ बघत राहिले.

“डोकं चांगलं चालवलंस. पण शिरोरेषा अक्षराची असते, दाराची नाही. दोन्ही एका पातळीत ठेव आणि मधे जागा सोड. बघणारा जोडून घेतो.”

मधली जागा एका दांडीच्या जाडीएवढी सोडली. आता ते बरोबर दिसतंय.

२५ जुलै

पहाटेपासून पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल पाण्याखाली, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत पाणी शिरलंय. आमचा साउंड रेकॉर्डिस्ट त्या बाजूला राहतो. तो सुखरूप आहे, सामान वरच्या मजल्यावर हलवलंय म्हणाला.

घरी बसून काकांची अक्षरं रेखून घेतली. कागद ६०० डीपीआयवर स्कॅन केला होता. सॉफ्टवेअरच्या आपोआप रेखनाने प्रत्येक अक्षराला शेकडो बिंदू दिले, कागदाचा प्रत्येक तंतू त्याने अक्षर समजून उचलला. ते सगळं पुसून हाताने केलं. वळणाच्या टोकांवर बिंदू आणि मधलं वळण हँडलने ओढायचं. बिंदू कमी झाले की अक्षर श्वास घेतं. बोरू उचलताना जिथे शाई किंचित फुटली होती त्या दोन जागा मात्र तशाच ठेवल्या. तिथे हात दिसतो.

२ ऑगस्ट

सहनिर्मात्यांबरोबर बैठक. त्यांनी पैसे घातलेत, त्यांचं म्हणणं नीट ऐकलं. त्यांचं मत: दार फार छोटं दिसतं. सोनेरी करू, त्रिमितीत फिरवू, मागे मोठा वाद्यवृंद, बॅनर भव्य वाटलं पाहिजे.

मी त्यांना दोन्ही करून दाखवलं. आधी सोनेरी फिरता दरवाजा आणि लगेच आमच्या चित्रपटाचं पहिलं दृश्य: रात्रीचा एसटी स्टँड, एक बाई बाकावर, ट्यूबलाइटची गुणगुण. सोन्यानंतर तो स्टँड गरीब वाटला. दृश्यात काहीच बदललेलं नव्हतं, आधी काय पाहिलं तेवढंच बदललं होतं. मग दिंडी दाखवली आणि पुन्हा तोच स्टँड. या वेळी ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू आली.

ते म्हणाले, “ठीक आहे, पण आवाज तरी चांगला पाहिजे.” त्यावर आमचं एकमत आहे.

१३ ऑगस्ट

मागे एकदा दिंडीचा आवाज घ्यायला बसलो होतो. वाड्यात तळमजल्यावर आजी राहतात, वयाच्या नव्वदीत. आम्ही मायक्रोफोन लावतोय बघून बाहेर आल्या.

“काय करताय रे?”

“आजी, दाराचा आवाज घेतोय. बिजागरी कुरकुरते ना, ती.”

“अरे, तुमची सारखी ये-जा, म्हणून मीच परवा तेल घालायला लावलं तिला!”

खरंच, बिजागरी चिडीचूप. आजींनी दाराला हात लावून पाहिला. म्हणाल्या, “तेल राहू दे. चार दिवस धो धो पडला ना, तर लाकूड फुगतं. मग तेल असो नसो, ते दार चौकटीत अडकून बोलतंच. तेव्हा या.”

तेव्हा गेलो. ओल्या हवेत सागाची फळी चौकटीला घासत गेली आणि असा एक खोल, लांब आवाज आला की आम्ही दोघंही हेडफोनमध्ये हात वर करून थांबलो. बिजागरीची किरकिर त्यापुढे अगदीच किरकोळ होती. तो आवाज घेतला, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. कडीचा वेगळा घेतला, अगदी जवळून, कारण ओढून लावताना लोखंड घासतं ते दूरून मिळत नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या, रिक्षा, कुणाचा तरी रेडिओ. आजींनी आतल्या सुनेला कुकर बंद करायला सांगितला.

९ सप्टेंबर

शनिवारी गणपती बसले. ढोल-ताशांत आवाजाचं काम अशक्य. विसर्जनापर्यंत बंद.

२४ सप्टेंबर

छोट्या थिएटरात पडद्यावर चाचणी. हा दिवस महत्त्वाचा होता.

पहिला निर्णय: मोठा दरवाजा काढायचाच नाही. थिएटरात काळा पडदा हाच मोठा दरवाजा. कागदावर काळा आयत लागतो, कारण तिथे कागदाची कड मधे येते. पडद्यावर नुसती दिंडी उजळली की डोळा उरलेला दरवाजा आपोआप रचतो. याने आणखी एक प्रश्न सुटला. डीसीपीत, म्हणजे थिएटरात चालणाऱ्या डिजिटल प्रतीत, पडद्याचे दोन आकार: फ्लॅट चौकट १९९८ बाय १०८० पिक्सेल आणि जास्त रुंद स्कोप २०४८ बाय ८५८. काढलेला दरवाजा एकीत बसवला की दुसरीत कापला जायचा. आता दोन्हींत फक्त दिंडीची जागा ठरवायची, उंची पडद्याच्या उंचीच्या प्रमाणात. दिंडीच्या खाली थोडा अंधार सोडला, उंबऱ्याच्या फळीएवढा. तो अंधार नसला तर ती खिडकी वाटते, असला की पाय उचलावासा वाटतो.

दुसरा निर्णय उजेडाचा. डिजिटल सिनेमाच्या मानकात पडद्यावरचा पूर्ण पांढरा चौरस मीटरला ४८ कँडेला (उजळपणाचं माप) धरतात. घरच्या मॉनिटरवर आम्ही शंभराच्या आसपास काम करतो, त्यामुळे आकडा वाचून वाटतं की थिएटरात तो मवाळ असेल. पण काळोखात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, तो पांढरा डोळ्यात घुसतो. पूर्ण पांढरा सोडून दिला. खाली उतरत गेलो आणि दुपारच्या चौकातला उजेड ओसरीवर येताना जसा पिवळसर होतो तिथे थांबलो. रंगछटा ठरवणाऱ्याने त्याचे आकडे लिहून ठेवले, कारण डीसीपीच्या एक्सवायझेड रंगप्रणालीत गेल्यावर हीच छटा पुन्हा तपासायची आहे.

तिसरं, गती. सेकंदाला २४ चौकटी. उजेडाची पट्टी अर्ध्या सेकंदात रुंदावली तर तिची उभी कड थरथरत सरकते, अंधारात ते फार जाणवतं. पट्टीला पावणेदोन सेकंद दिले, सुरुवातीला सावकाश आणि शेवटी सैल. लाकूड घासण्याचा आवाजही तेवढाच लांब निघाला, म्हणून चित्र आवाजामागे चालवलं. एकूण सात सेकंद, १६८ चौकटी. नाव उजेडातून उमटत नाही, दिंडी उघडून स्थिर झाल्यावर शेजारी हळूच दिसतं. दोन सेकंद राहतं.

८ ऑक्टोबर

चित्रकार मित्राबरोबर कागदपत्रं. दिंडी त्याच्या रेखाटनातून आलीये, त्यामुळे हे आधी व्हायलाच हवं होतं असं दोघांनाही वाटत होतं. नोकरीत नसलेल्या चित्रकाराने करून दिलेल्या रेखाटनाचा कॉपीराइट मुळात त्याच्याकडे असतो. मैत्रीत दिलं, पैसे दिले, तरी लेखी हस्तांतर नसेल तर तो बॅनरकडे येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ नीट वाचण्यासारखं आहे: हस्तांतर लेखी हवं, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

आमच्यासारख्यांना हे दोन्ही थेट लागू होतं. चित्रपट परदेशी महोत्सवात जाणार असेल तर ‘फक्त भारत’ चालत नाही, आणि बॅनर पाच वर्षांत संपणार नसतं. म्हणून मुदत संपूर्ण कॉपीराइटची, प्रदेश जगभर, मोबदल्याची रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. काकांशीही असाच कागद केला. त्यांना आधी विचित्र वाटलं. म्हणाले, आयुष्यभर बोर्ड रंगवले, कुणी सही मागितली नाही. मी म्हटलं, काका, म्हणूनच. श्रेयनामावलीत ‘अक्षरलेखन’ या शब्दाखाली त्यांचं नाव जाईल, हेही करारात घातलं.

२१ ऑक्टोबर

ट्रेडमार्कचा अर्ज गेला. नव्याने बॅनर काढणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहून ठेवते. ट्रेडमार्कसाठी वस्तू-सेवांचे वर्ग पाडलेले असतात. चित्रपटनिर्मिती वर्ग ४१ मध्ये येते, ध्वनिचित्रमुद्रित माध्यमांसाठी वर्ग ९ सुद्धा पाहावा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे ४५०० रुपये, इतरांना ९०००. आधी शोध घ्यायचा, शब्दाचा आणि चित्राचाही. चित्रं व्हिएन्ना वर्गीकरणाने लावलेली असतात, बांधकामं सातव्या गटात. दारं भरपूर निघाली, कवाडातल्या छोट्या दाराचं चिन्ह आमच्या वर्गात दिसलं नाही.

अर्ज काळ्या-पांढऱ्यात केला. रंगाची मर्यादा घातली नाही तर नोंदणी सर्व रंगांना लागू धरतात, मग पिवळसर उजेड उद्या बदलला तरी अडत नाही. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ चालतं, वर्तुळातला ‘आर’ नोंदणीनंतरच. पोस्टरवाल्याने आपल्या मनाने तो ‘आर’ घातला होता, काढायला लावला. नोंदणी झाल्यावर दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण.

१९ नोव्हेंबर

मिक्सिंग. इथे २०१७ चा खडूचा फळा पुन्हा कामाला आला. त्यात चांगलं काय होतं, तर मागचा आवाज त्या चित्रपटाचा होता. ध्वनिसंयोजक म्हणाला, “दिंडी उघडते, पण पलीकडे काय आहे? आत्ता तिथे नुसती शांतता आहे.”

मग असं केलं. फाइव्ह पॉइंट वनमध्ये, म्हणजे पुढे-मागे स्पीकर असलेल्या थिएटरच्या ध्वनिरचनेत, कडी मधल्या स्पीकरवर, लाकडाचा आवाज डावी-उजवीकडे पसरवलेला. हे दोन्ही कायमचे, आता यांना हात लावायचा नाही. दिंडी उघडली की पलीकडून जे ऐकू येतं ते त्या-त्या चित्रपटाचं. या वेळी एसटी स्टँडची घोषणा, इंजिनाची घरघर आणि ट्यूबलाइटची गुणगुण. आधी पट्टीएवढं बारीक, मग दार उघडेल तसं मोठं, आणि मागच्या स्पीकरांवर येईपर्यंत आपण स्टँडवर पोहोचलेले असतो. नाव विरतं, आवाज तसाच चालू राहतो आणि त्याच आवाजावर पहिलं दृश्य उघडतं. कुठे लोगो संपला आणि कुठे चित्रपट सुरू झाला ते सांगता येत नाही. मला हेच हवं होतं.

मोबाइलच्या स्पीकरवर लाकडाचा खोल भाग जवळपास नाहीसा होतो, कडीचं लोखंड मात्र टिकतं. ट्रेलरसाठी कडी थोडी पुढे आणून वेगळं मिक्स केलं.

२ डिसेंबर

फायली सुपूर्द. फ्लॅट आणि स्कोप, दोन्हींचे मास्टर. छपाईसाठी एकरंगी, उलटा आणि अगदी छोट्या आकाराचा, ज्यात अक्षरं नाहीत, फक्त काळा आयत आणि दिंडी. परदेशी महोत्सवांसाठी देवनागरीखाली बारीक रोमन नाव, देवनागरीच्या एक तृतीयांश उंचीचं.

ध्वनीचे ट्रॅक दोन ठेवले. ‘दिंडी, कायम’ आणि ‘पलीकडे’. दुसरा ट्रॅक प्रत्येक वेळी रिकामा येणार. पुढच्या माहितीपटासाठी तो चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी मिळाला पाहिजे, म्हणून कॉल शीटच्या, म्हणजे चित्रीकरणाच्या रोजच्या कामाच्या कागदाच्या, नमुन्यात साउंडच्या रकान्यात एक ओळ वाढवलीये: ‘पलीकडे: किमान दोन मिनिटं, कुणी बोलायचं नाही’.